मागच्या बाजूला केसाएवढी दुमड

शकील,

तुझी कार्डं माझ्याकडे आली आहेत. परवा भाभींनी निरोप पाठवून बोलावलं. त्या इद्दतीत आहेत, तू गेल्यापासून चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून मी ओसरीत उभा राहिलो आणि दारावरच्या पडद्याखालून एकेक डबा बाहेर सरकत आला. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे आणि एक बुटांचं खोकं. पडद्याआडून त्या म्हणाल्या, "विजयभाऊ, हे तुमीच विकून टाका. घरात राह्यलं तं माह्यानं पाहवत नाई. अन् यातलं तुमाले समजते."

मी "हो भाभी" म्हणालो. मला यातलं किती समजतं ते तुला ठाऊक आहे. मला टाइप करता येतं, फोटो चढवता येतात, पार्सलला चिकटपट्टी लावता येते. बघायचास तू.

पहिल्यापासून लिहितो. तुला सगळं माहीत आहे, पण मी दिवसभर लोकांचे फॉर्म भरणारा माणूस, एखादा रकाना सोडून पुढे जाण्याची मला सवय नाही. निदान असं मी लोकांना सांगतो.

आपण पाचवीत असताना बबलगमच्या पाकिटातून क्रिकेटपटूचं एक कार्ड निघायचं. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याच्या धावा आणि बळी. गोंडपिपरीतल्या पोरांनी त्या कार्डांचे काय हाल केले ते आठव. कुणी सायकलच्या तारांत अडकवून फर्र आवाज काढला, कुणी भाताच्या शितांनी वहीत चिकटवली, कुणी मागे निळ्या शाईत स्वतःचं नाव घातलं. तू गम मला द्यायचास आणि कार्ड तेवढं कंपासपेटीत ठेवायचास. माझे दात किडले, तुझी कार्डं जमली. पुढे तू अब्बांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसलास आणि मी त्याच भिंतीला लागून झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलं. माझे बाबा लकव्याने पडले त्या वर्षी दोन्ही दुकानं तूच सांभाळलीस. तुझ्या हातच्या झेरॉक्स सगळ्या तिरक्या निघायच्या, लोक तक्रार करायचे, पण दुकान एक दिवस बंद राहिलं नाही. त्याबद्दल तू पुन्हा कधी एक शब्द काढला नाहीस आणि मीही आभार मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धतच नव्हती.

मग एक दिवस माझ्या कॉम्प्युटरवर तुला तुझ्याकडचंच एक कार्ड दिसलं. लोक ती विकत होते आणि नवल म्हणजे लोक ती घेतही होते. मोठ्या शहरांतले विकणारे कार्ड आधी परदेशातल्या कंपनीकडे पाठवतात. तिथले लोक ते तपासून त्याला दहापैकी गुण देतात, प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करून परत करतात, आणि गुण बघून गिऱ्हाईक डोळे झाकून घेतं. आपल्याला ते झेपणारं नव्हतं. आपली कार्डं तशीच उघडी, कुणी न तपासलेली. घेणाऱ्याकडे आपला फोटो आणि आपले शब्द, बाकी काही नाही. हे सगळं ऐकून तू म्हणालास, "मंग त्याचे डोळे आपनच झालो ना बे. त्याले जे दिसत नाई ते आपल्यालेच सांगा लागन."

शुक्रवार ठरला. जुम्म्याची नमाज झाली की तू दुकान उघडायच्या आधी माझ्याकडे यायचास. तीन-साडेतीनला माझ्या दारातून ऊन आडवं आत येतं, तेच तुला हवं असायचं. कार्ड सपाट धरलं की कुणालाच काही दिसत नाही, तिरकं धरलं की सगळं उघडं पडतं. एका डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून तू कार्ड फिरवायचास. आधी चार कोपरे, मग चार कडा, मग पुढचा भाग, मग मागचा, मग छपाई मधोमध आहे की एका अंगाला सरकली आहे. कुणी खराब कडा कापून कार्ड नवं केलेलं तर नाही, ते स्टीलच्या पट्टीने मापून बघायचास. आणि शेवटी वास घ्यायचास. मी हसायचो.

"अबे, वास घेऊन कोन कार्ड विकत घेते?"

"तो पाकीट फोडन तं पयले नाकच जाईन त्याचं," तू म्हणायचास.

कडा बघून तू सांगायचास ते कार्ड कुठे राहिलं आहे. कडा काळपट, म्हणजे चंद्रपूरचं, कोळशाची धूळ. बदामी पडून कमान आली, म्हणजे एटापल्लीकडचं, चार महिने ओल खाल्लेलं. डांबरगोळ्यांचा वास, म्हणजे कुण्यातरी आईने मुलाच्या कपड्यांबरोबर पेटीत जपून ठेवलेलं. अशा कार्डाला तू जरा हळू हात लावायचास. मी म्हणायचो, लवकर कर बे, लोकांचे फॉर्म पडून आहेत.

तू बोलायचास आणि मी ऐकत ऐकत इंग्रजीत टाइप करायचो. इंग्रजी तुला अक्षरओळखीपुरतं यायचं. माझ्या हातून पुढे काय गेलं ते तू कधी वाचून घेतलं नाहीस. वाचून घ्यावं असं तुझ्या मनातही आलं नसेल.

तुझं एक वर्णन मला अजून पाठ आहे. "कार्ड खरं आहे, कापलेलं नाई. वरचा उजवा कोपरा दबला आहे. बाकी तीन गोल झाले, पन पांढरे नाई पडले. खेळाडूच्या कानाजवळ काळा ठिपका आहे, तो कारखान्यातलाच. मागं निळ्या शाईनं राजू लिहिलं आहे. राजू खोडता येते, पन मंग कागद खरवडते, म्हनून राहू देल्ला. डांबरगोळ्यायचा जरासा वास." मी डोक्याला हात लावला होता. एवढं वाचून कोण घेणार? पण घेतलं कुणीतरी, आणि वर कळवलं की सांगितलं होतं त्यापेक्षा कार्ड बरंच निघालं. त्या दिवशी तू मला दोनदा चहा पाजलास.

'चांगलं' या शब्दावर तुझी बंदी होती. मी घाईत एकदा 'कंडिशन चांगली' असं लिहू का विचारलं, तर म्हणालास, "चांगली म्हंजे का? माहा सालाबी चांगला आहे." आता लोक माझ्या दुकानात येतात, उसासा टाकतात आणि म्हणतात, शकीलभाई चांगला माणूस होता. मी त्यांचे कागद मशीनवर ठेवतो.

भांडण आपलं एकच होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. मी म्हणायचो, तू कार्ड विकत नाहीस, तू पोलिसांत जबाब देतोस. बाकीचे विकणारे चार शब्दांत काम उरकतात. कोपरे ठीक, फोटो बघून घ्या, माल परत नाही. त्यांचं कार्ड दोन दिवसांत जातं आणि आपलं दिवाळीला लावलेलं होळीपर्यंत तिथेच. तू म्हणायचास, "पडून राह्यलं तं राहू दे. खायाले मांगते का?" तो कारखान्यातला ठिपकासुद्धा दोष धरायचा की नाही, यावरून आपण एकदा दोन शुक्रवार बोललो नव्हतो. माझं म्हणणं, कार्ड जन्मलंच तसं, त्यात त्याचा काय दोष. तुझं म्हणणं, ठिपका कुठून आला याच्याशी गिऱ्हाइकाला काही घेणंदेणं नाही, त्याला ठिपका दिसतो. ते भांडण मिटलंच नाही. त्यात माझंच बरोबर होतं असं मला आजही वाटतं, आणि आता ते कुणाला सांगून उपयोग नाही.

ते यष्टिरक्षकाचं कार्ड मिळालं धानोऱ्याला. तेंदूपत्त्याचे, ऐन उन्हाळ्याचे दिवस होते, गडचिरोलीत बस बदलून आपण घामाने भिजून पोचलो होतो. एक जुनं किराणा दुकान बंद होणार होतं आणि त्याच्या मालकाकडे उरलेल्या कार्डांचा डबा होता. तू जमिनीवर फतकल मारून बसलास आणि तासाभराने तुझा हात थांबला. पुढे यष्टिरक्षक, मागे मात्र भलत्याच खेळाडूचे आकडे. छापखान्यात चूक झालेली अशी कार्डं फार थोडी बाहेर पडली होती, आणि जमवणारे त्यासाठी जीव टाकतात. मी तुझ्या पायाला पाय लावून गप्प राहायची खूण केली. तू मान वर करून त्या म्हाताऱ्याला सगळं समजावून सांगितलंस, हे काय आहे, याला किती मोल आहे, आणि त्याने मागितलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त देऊन आलास. परतीच्या वाटेवर मी चामोर्शी येईपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. तू खिडकीशी डायरी मांडीवर घेऊन बसला होतास, कार्ड तिच्यात. इतकं खूश मी तुला तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आता ज्याच्यासाठी बसलो ते लिहितो.

त्या शुक्रवारी तू ते कार्ड अर्धा तास बघितलंस. मग सांगायला लागलास आणि मी टाइप करत गेलो. कोपरे, कडा, छपाई, मागचे चुकीचे आकडे. शेवटी तू म्हणालास, "अन् लिही, मागच्या बाजूले खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वर गेलेली केसाएवढी दुमड आहे. तिरकं धरलं तरच दिसते. फोटोत येत नाई, म्हनून आठवनीनं लिही."

मी म्हणालो, "लिहिलं."

मी लिहिलं नव्हतं, शकील. तुला आवाज ऐकू जावा म्हणून मी काहीतरी टाइप केलं आणि खोडलं. लोभ म्हणशील तर तोही थोडा होता. पण मला खरं म्हणजे जिंकायचं होतं. एक ओळ कमी लिहिली की कार्ड कसं झटक्यात जातं, हे तुला दाखवायचं होतं. गेल्यावर सांगणार होतो, हसत हसत, चहाच्या वेळी. ते कार्ड तिसऱ्या दिवशी गेलं. कोलकात्याचे एक निवृत्त गृहस्थ होते. मी जिंकलो होतो आणि तुला सांगायची योग्य वेळ शोधत होतो.

त्या गृहस्थांनी कार्ड तिरकं धरून पाहिलं. त्यांनाही हे काम येत होतं. त्यांनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की विकणाऱ्याने मागची दुमड लपवली. खातं तुझ्या नावावर होतं, तूच हट्ट धरला होतास की माल ज्याने बघितला त्याचंच नाव पाहिजे. संदेश आला तेव्हा तू माझ्या बाकावर बसून एका घड्याळाचा पट्टा बसवत होतास. काय आलं म्हणून विचारलंस आणि मी वाचून दाखवलं.

"मागं दुमड आहे म्हनते. लपवली म्हनते."

"लपवली?" तू भिंग कपाळावर चढवलंस. "अबे, मी सांगतली होती ना तुले? खालून वर गेलेली?"

मी स्क्रीनकडे बघत म्हणालो, "नाई बे. दुमडीचं तू काई बोल्लाच नाई."

सात शब्द. मी नंतर मोजले. तू माझ्याकडे बघत राहिलास. मी खोटं बोलतोय असं तुला वाटलं असतं तर फार बरं झालं असतं. तू मला आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्यास, आठवडाभर बोलला नसतास आणि प्रकरण मिटलं असतं. पण तुला संशय माझा आला नाही, तुझा स्वतःचा आला. ते तुझ्या तोंडावर मला दिसलं. "असन," तू म्हणालास. "मले तं वाटलं सांगतली. म्हंजे पाह्यलीच नसन मी." तेवढ्यात एक बाई जातीच्या दाखल्याचे कागद घेऊन आली आणि मी तिच्याकडे इतक्या लगबगीने वळलो की ती बिचारी बावरली.

तू कार्ड परत मागवलंस आणि त्यांचे पैसे परत करायला लावलेस. सोबत माफीचे दोन शब्द लिही म्हणालास, ते मी अगदी तू सांगितले तसे लिहिले. त्या वेळी मी एक अक्षरही सोडलं नाही. नंतर तू चंद्रपूरला जाऊन डोळे तपासून आलास. मला वाटलं, डोळ्यांत काहीतरी निघावं. नंबर वाढला, मोतीबिंदू धरला, काहीही. चष्मा बदलून तू पुन्हा बसला असतास आणि मी सुटलो असतो. डॉक्टरांनी सांगितलं की वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. ते ऐकून कुणीही खूश झालं असतं, तू तेवढा घाबरून परत आलास.

"डोळे ठीक हायेत," तू म्हणालास. "म्हंजे डोकं गेलं, विज्या. न दिसलेलंबी दिसलं असं वाटते मले. न बोललेलंबी बोललो असं वाटते."

मग घड्याळं. जोडलेलं घड्याळ तू पुन्हा उघडायला लागलास, स्क्रू बसवला की नाही ते बघायला. बसवलेला असायचा. तिसऱ्यांदा उघडताना काहीतरी सांडायचं. मग बारीक काम घेणं बंद केलंस, नुसते सेल आणि पट्टे. लोक म्हणाले, शकीलभाई म्हातारा झाला. आपण पन्नाशीलाही पोचलो नव्हतो. आणि एक दिवस तुझं शटर वर गेलंच नाही. भिंतीपलीकडून तुझा रेडिओ, तुझा खोकला, गिऱ्हाइकाशी चाललेली तुझी हुज्जत, सगळं बंद झालं. शुक्रवारी मी तीन वाजता दार अर्धं ओढून घ्यायला लागलो.

सांगायला मी निघालो नाही असं नाही. एकदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन फिरलो. एकदा ईदला आलो, अगदी ठरवून आलो, पण घरात पाहुणे होते. मी दोन वाट्या शीरखुर्मा खाल्ला, सगळ्यांच्या गळाभेटी घेतल्या आणि घरी गेलो. तिसऱ्यांदा तर तूच मला वाट करून दिलीस. मशिदीजवळ भेटलास, माझा हात धरून म्हणालास, "विज्या, खरं सांग. माह्यात काई फरक दिसते का तुले?" मी म्हणालो, "नाई बे. चांगला तं आहेस." तुझ्या तोंडावर तुझा बंदी घातलेला शब्द मारून मी पुढे गेलो. तू तो ऐकून मान हलवलीस. इतर वेळी तू मला त्यावरून फाडून खाल्लं असतंस.

छातीत कळ आली आणि चंद्रपूरचा अर्धा रस्ता सरेपर्यंतच तू होतास, असं मला नंतर कळलं. तीन मुठी माती द्यायला मीही पुढे झालो. पहिल्या मुठीला वाटलं, आता मनातल्या मनात म्हणावं. दुसरीला वाटलं, तिसरीला म्हणू. तिसरी टाकून मी हात झटकले आणि मागच्या माणसाला जागा करून दिली. समोरचा माणूस ऐकू शकत नसताना खरं बोलायला काय जातं, पण तेसुद्धा माझ्याने झालं नाही.

काल दुपारी डबे उघडले. प्रत्येक कार्ड पातळ पिशवीत आणि प्रत्येकाबरोबर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. दुकान बंद करून तू घरी हेच करत बसला होतास तर. मला वाटलं होतं तू कार्डांना हातही लावत नसशील. मी दार सताड उघडलं, ऊन आत घेतलं आणि एकेक कार्ड तिरकं धरून चिठ्ठीशी ताडून पाहिलं. तुझी एकही चूक नव्हती, शकील. मला शोधूनही सापडू नये अशी दुमड तू लिहिली होतीस आणि ती तिथे होती. फक्त एक गोष्ट मला कळेना. बऱ्याच चिठ्ठ्यांवर तू दोष लिहून मग त्याच्यावर रेघ मारली होतीस. 'डाव्या कडेला तेलकट डाग', खोडलेलं. 'वरच्या कोपऱ्याला दुमड', खोडलेलं. डाग तर माझ्या डोळ्यांसमोर होता. खोडायचं कारण काय?

यष्टिरक्षक खोक्यात तळाशी होता. त्याच्या चिठ्ठीवर कोपरे नाहीत, कडा नाहीत. दोनच ओळी. "मागं खालून वर दुमड आहे. मले दिसली नाई."

ही चिठ्ठी घेऊन मी ते कार्ड कुणाला विकू? खोटी चिठ्ठी आहे ती. तू आयुष्यात लिहिलेलं एकमेव खोटं वर्णन, आणि ते तुझ्याकडून मी लिहून घेतलं.

म्हणून आज सकाळी भाभींकडे गेलो. तुला नाही तर निदान त्यांना कळावं, तुझ्या डोक्यावरचा डाग तरी जावा, असं मी स्वतःला समजावलं. ओसरीत उभा राहिलो आणि पडद्याला सगळं सांगितलं. ओळ सोडल्याचं, कीबोर्डच्या कळा खोट्याच वाजवल्याचं, ते सात शब्द.

"म्हंजे त्यायले दिसली होती?"

"हो भाभी."

"अन् तुमाले सांगतलीबी होती?"

"हो."

"डोकं ठीक होतं त्यायचं?"

"एकदम ठीक होतं."

मी वाट बघत होतो. त्यांनी मला हाकलून द्यावं, शाप द्यावेत, मोहल्ल्यातल्या चार लोकांना बोलवावं, मी तयारीने गेलो होतो. भाभींचा आवाज आला तो अगदी खाली बसलेला.

"दुकान बंद केल्यावर रोज सकाळी हे मले अंगनात बोलवत," त्या म्हणाल्या. "एकेक कार्ड धरत माह्यासमोर. पाह्य, इथी दुमड दिसते का तुले? इथी डाग दिसते का? मले इकडं स्वयपाकाची घाई राहे. मले वाटे, हो म्हनलं तं दिवसभर हेच करतीन. नाई म्हनलं तं थांबतीन, जीवाले आराम देतीन. मी काई पाहतबी नव्हती, विजयभाऊ. नाई दिसत म्हने अन् आत जाये. रोज. हे मंग खिशातून पेन काढून काहीतरी खोडत बसत."

मला त्या रेघा आठवल्या.

"मले खरं सांगा," त्या म्हणाल्या. "हे दाखवत होते ते राहे तिथं?"

शकील, मी आयुष्यभर सोयीने बोललो. त्या पडद्यापलीकडच्या बाईला आता उरलेले दिवस काढायचे आहेत, याच घरात, याच अंगणात. खोटं बोलायलाच हवं होतं अशी माझ्या जन्मात ती एक वेळ होती.

"होतं, भाभी," मी म्हणालो. "सगळं होतं."